बिसाया शिकायची आहे? आधी कोणती ते ठरवा

फिलिपिन्समध्ये दावाओ किंवा सेबूला डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना घरून हमखास सांगितलं जातं, "तिथे सगळं इंग्रजीत चालतं, भाषेचं टेन्शन घेऊ नको." वर्गापुरतं हे खरं आहे. पण वॉर्डात खाटेवर बसलेली आजी इंग्रजीत कण्हत नाही. ती बिसायात, म्हणजे तिथल्या स्थानिक भाषेत बोलते, आणि भराभर बोलते. मग कुणीतरी सुचवतं की टागालोग शिक, फिलिपिन्सची राष्ट्रभाषा तिच्यावरच बेतलेली आहे. टागालोग तिथे शाळेत आणि टीव्हीवर असते, त्यामुळे समजते सगळ्यांना. घरात, बाजारात, जीपनीत (तिथल्या शेअर-जीपसारख्या गाडीत) आणि दवाखान्याच्या रांगेत मात्र लोक आपापली बिसाया बोलतात.

दुसरे वाचक म्हणजे मर्चंट नेव्हीतले. ज्यांच्या जहाजावर फिलिपिनो सहकारी आहेत, त्यांच्या कानावर इलोइलोची भाषा पडतच असणार, कारण ते शहर खलाशांसाठी आणि सागरी प्रशिक्षणाच्या संस्थांसाठी ओळखलं जातं. तिसरे म्हणजे आखातात फिलिपिनो नर्सबरोबर रोज काम करणारे. या तिघांना एकच पुस्तक चालणार नाही, म्हणून सुरुवात भाषा निवडण्यापासून.

पायरी १ : नकाशा समोर घ्या

बिसाया किंवा विसाया हे एका भाषेचं नाव समजून बरेच जण फसतात. मध्य फिलिपिन्सच्या बेटांवर आणि दक्षिणेत मिंडानाओवर पसरलेला हा भाषांचा मोठा गट आहे. आर. डेव्हिड झॉर्क या भाषाशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात त्याचा बारकाईने अभ्यास केला आणि पाच शाखा मांडल्या. त्या पाचही पाठ करायची गरज नाही. नवख्याच्या कामाच्या भाषा तीन.

सेबुआनो सगळ्यांत मोठी, बोलणारे दोन कोटींच्या घरात. सेबू, बोहोल, नेग्रोस बेटाची पूर्व बाजू, लेयतेची पश्चिम बाजू आणि मिंडानाओचा मोठा भाग, म्हणजे दावाओ आणि कागायान दे ओरो इथे हीच चालते. गंमत अशी की बोलणारे तिला सेबुआनो क्वचितच म्हणतात. त्यांच्यासाठी ती नुसती 'बिसाया' किंवा 'बिनिसाया'. म्हणून दावाओत कुणी "बिसाया येते का?" असं विचारलं, तर ते सेबुआनोबद्दल विचारत आहेत असं समजा.

हिलिगायनोन किंवा इलोङ्गो ही इलोइलो, बाकोलोद आणि गिमारासची. लय गोड, थोडी हेलकावे घेणारी. इलोङ्गो माणूस भांडला तरी लाडात बोलतोय असं वाटतं, असा विनोद फिलिपिन्समध्ये चालतो. तिसरी वाराय, सामार बेटाची आणि लेयतेच्या पूर्व बाजूची, म्हणजे ताक्लोबान शहराची.

याशिवाय आंतिके प्रांतात किनाराय-आ, बोराकाय बेट ज्या प्रांतात आहे तिथे आक्लानोन, अगदी दक्षिणेला सुलूमध्ये ताउसुग. ताउसुगसुद्धा याच गटातली, हे पुष्कळ फिलिपिनोंनाही ठाऊक नसतं. या भाषांची नात्यागोत्याची ओळख आहे, पण एक आली म्हणजे दुसरी आपोआप कळत नाही.

नियम सोपा आहे : जिथे राहणार तिथली घ्या. जहाजावर असाल तर ज्याच्याबरोबर वॉच (पहाऱ्याची पाळी) करता त्याचं गाव विचारा आणि त्याची घ्या. दोन एकदम सुरू करू नका. पुढे मी सगळी उदाहरणं सेबुआनोची देतो आहे. सांगाडा बराचसा सारखा आहे, शब्द बदलतात.

पायरी २ : लिपी रोमन, पण वाचा देवनागरीसारखी

रोमन अक्षरं दिसली की आपण इंग्रजी वळणाने वाचायला लागतो. इथे तसं करू नका. रोमन 'टी' दिसला की 'त' म्हणा, 'डी' दिसला की 'द'. ट आणि ड विसरा. क, त, प हे शब्दाच्या सुरुवातीलाही हवा न सोडता म्हणायचे, आपण म्हणतो तसेच. महाप्राण नाहीत, त्यामुळे 'पुष्कळ' या अर्थाच्या शब्दात जी आणि एच शेजारी दिसले तरी तो घ नव्हे : उच्चार दाग-हान. पहिल्या महिन्यात वही देवनागरीतच ठेवा, हा माझा आग्रह आहे. त आणि ट वेगळे राहतात, आणि इंग्रजी कानात शिरत नाही.

दोन गोष्टींवर मात्र मेहनत लागते. एक, ङ. वाङ्मय म्हणताना आपण तो उच्चारतो, पण शब्दाच्या सुरुवातीला कधीच नाही. सेबुआनोत तो सुरुवातीलाही येतो : ङालान (नाव), ङानो (का), ङिपोन (दात). 'वाङ्मय' म्हणायला सुरुवात करून 'वा' गाळून बघा.

दुसरी, घशात घेतलेली थांबकी. बाग्-ओ (नवीन), तान्-आव (बघणे) यांत मधे श्वास क्षणभर अडवायचा. शब्दाच्या मधे व्यंजनाशेजारी असेल तर लिहिताना जोडरेघ देतात, शेवटी असेल तर काहीच दाखवत नाहीत. किता असा एक शब्द 'आपण' या अर्थी आहे आणि तसाच दिसणारा दुसरा 'दिसणे' या अर्थी. पहिल्यात जोर शेवटच्या अक्षरावर, दुसऱ्यात पहिल्यावर आणि शेवटी थांबकी. वाचून हा फरक येत नाही, ऐकूनच येतो.

इ आणि ए, उ आणि ओ यांत सेबुआनो माणूस फारसा भेद करत नाही. एकच शब्द दोन प्रकारे लिहिलेला दिसेल, गोंधळू नका. मनिलाच्या टीव्हीवर या सवयीची टिंगल होते. आपण त्यात पडू नये.

आणखी स्थानिक वळणं : सेबू शहरात दोन स्वरांमधला ल गळतो. वाला (नाही) चं 'वा' होतं, बालाय (घर) चं 'बाय'. बोहोलमध्ये य चा ज होतो, मा-आयो (चांगलं) तिथे 'मा-आजो'.

पायरी ३ : इंग्रजी बाजूला ठेवा, मराठीतून शिका

जवळजवळ सगळी पुस्तकं इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली आहेत आणि काही गोष्टी समजावताना पानंच्या पानं घालवतात. मराठी माणसाला त्यांतल्या कित्येक आधीच येतात.

इंग्रजी माणसाला 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक शिकावा लागतो. सेबुआनोत किता म्हणजे आपण, कामी म्हणजे आम्ही. बोलताना ती 'ता' आणि 'मी' अशी आखडतात. मोआद्तो ता सा मेर्कादो : आपण बाजारात जाऊ, तूही चल. मोआद्तो मी सा मेर्कादो : आम्ही जातोय, तू नाहीस. हा 'मी' आपला 'मी' नव्हे, एवढं सांभाळा.

ऐकीव गोष्ट सांगताना आपण 'म्हणे' लावतो. त्यांचा 'कुनो' अगदी तोच. मोउलान कुनो : पाऊस येणार म्हणे. इंग्रजी पुस्तकात यावर तळटीप असते, तुम्ही सरळ वापरा.

नकाराचे तीन शब्द आहेत. न झालेल्या आणि नसलेल्या गोष्टीला वाला, न होणाऱ्या किंवा 'ते हे नव्हे' अशा गोष्टीला दिली, आणि मनाई करायला आयाव. वाला को मोकाओन : मी खाल्लं नाही. दिली को मोकाओन : मी खाणार नाही. आयाव ओग काओन : खाऊ नकोस. नाही, नव्हे आणि नको घेऊन वाढलेल्या माणसाला यात अवघड काय आहे?

हळूहळूला हिनाय-हिनाय, रोजरोजला आद्लाव-आद्लाव. द्विरुक्तीही ओळखीची.

जिथे मराठी पुरत नाही ती जागाही सांगतो. आपल्याकडे हा आणि तो, एवढंच. त्यांच्याकडे तीन : कीनी (माझ्याजवळचं), काना (तुझ्याजवळचं), काद्तो (दोघांपासून लांबचं). रुग्णाच्या हातातल्या गोळीला 'कीनी' म्हटलंत तर तो तुमच्या हाताकडे बघेल.

पायरी ४ : क्रियापदाला घाबरा, पण थोडंच

इथे बहुतेक जण सोडून देतात, म्हणून जरा थांबून बघू. सेबुआनो क्रियापदाला मूळ धातू असतो आणि त्याच्या पुढे-मागे-मधे प्रत्यय चिकटतात. काओन म्हणजे खाणे. मोकाओन को : मी खाईन. निकाओन को : मी खाल्लं. नागकाओन को : मी खातोय. कोण खातंय यावर लक्ष असताना ही रूपं.

लक्ष खाल्लेल्या वस्तूवर गेलं की रूप बदलतं. निकाओन को ओग माङ्गा : मी एक कुठला तरी आंबा खाल्ला. गिकाओन नाको आङ माङ्गा : तो ठरावीक आंबा मी खाल्ला. कर्ता 'को' चा 'नाको' झाला, आंब्याला 'आङ' लागला आणि क्रियापदाने आंब्याची बाजू घेतली. इंग्रजीतून शिकणाऱ्याला याला 'पॅसिव्ह' म्हणावंसं वाटतं आणि तिथून सगळं बिघडतं. आपण "मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं" म्हणतो तेव्हा क्रियापद माझ्याकडे बघतच नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. तरी खाणारा मीच असतो. तेवढी जाणीव घेऊन 'गि' च्या रूपांकडे या. यंत्रणा हुबेहूब सारखी नाही, पण दार तेच आहे.

सुरुवातीला एका धातूची पाचच रूपं बसवा : मो, नि, नाग, गि आणि शेवटी लागणारा ओन (काओनोन : खायचं आहे ते). पालित (विकत घेणे), लुतो (शिजवणे), इनोम (पिणे) यांवर ती चालवून बघा. जागा आणि साधन दाखवणारे प्रत्यय नंतर.

पायरी ५ : साधनं, चांगली आणि टाळण्यासारखी

बड्या मोबाइल ॲपमध्ये सेबुआनो शोधायला गेलात तर निराशा पदरी येईल. चांगली साधनं जुनी आहेत आणि बरीचशी फुकट आहेत.

कोश एकच घ्यायचा तर जॉन वूल्फ यांचा. कॉर्नेल विद्यापीठाच्या आग्नेय आशिया विभागाने १९७२ मध्ये काढलेला हा सेबुआनो–इंग्रजी कोश प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर पूर्ण वाचता येतो. पुष्कळ अर्थांना वापरातलं वाक्य दिलेलं आहे, आणि ती वाक्यं इतकी जिवंत आहेत की गाव डोळ्यांसमोर उभं राहतं. दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. वूल्फ फक्त अ, इ, उ हे तीनच स्वर लिहितात, म्हणून काओन 'काउन' खाली शोधायचा. आणि शब्द धातूखाली लावलेले आहेत. वर्तमानपत्रात 'गिनिकानान' (आईवडील) दिसला तर आधी सोलून 'गिकान' (पासून येणे) काढा, मग कोश उघडा. कंटाळवाणं वाटेल, पण या सोलण्यातूनच क्रियापद डोक्यात बसतं.

हवाई विद्यापीठाने १९७१ च्या सुमारास फिलिपिन्सच्या अनेक भाषांची पुस्तकं काढली, अमेरिकेच्या पीस कोअर स्वयंसेवकांसाठी. त्यात सेबुआनोचे धडे आणि कोश आहेत, हिलिगायनोनचे धडे, कोश आणि व्याकरणही आहे. ही आता खुल्या स्वरूपात वाचता येतात. संवाद जुन्या वळणाचे आहेत, वाक्यांची बांधणी मात्र पक्की. हिलिगायनोनवाल्यांना यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

गूगल ट्रान्सलेटमध्ये सेबुआनो मे २०१३ मध्ये आली, आणि त्याच खेपेत मराठीही आली. हिलिगायनोन आणि वारायला २०२४ पर्यंत थांबावं लागलं. फलक किंवा औषधाची चिठ्ठी उलगडायला ते ठीक आहे. वाक्यं बनवून घ्यायला नको : पुस्तकी निघतात. गप्पा मारणाऱ्या एआय साधनांचीही तीच गत, त्यात टागालोगची भेसळ होते आणि नवख्याला ती ओळखू येत नाही.

सेबुआनो विकिपीडियापासून तर लांबच राहा. साठ लाखांहून जास्त लेख, जगातल्या सर्वांत मोठ्या विकिपीडियांत गणना, हे आकडे बघून हुरळायला होतं. त्यातले जवळजवळ सगळे लेख स्वेर्कर योहान्सन या स्वीडिश माणसाच्या बॉटने (आपोआप लेख लिहिणाऱ्या प्रोग्रामने) साच्यातून काढलेले आहेत, डोंगर, नद्या आणि किड्यामुंग्यांचे. वाराय विकिपीडियाचंही तसंच. भाषा शिकण्याजोगं त्यात काही नाही. त्यापेक्षा इंग्रजी विक्शनरी या मुक्त ऑनलाइन कोशातल्या सेबुआनो नोंदी कितीतरी बऱ्या.

मराठीशी शेजारी ठेवून वाचायला मजकूर हवा असेल तर पर्याय मोजके. मानवी हक्कांचा जाहीरनामा मराठीत आहे, सेबुआनोत आहे, हिलिगायनोन आणि वारायमध्येही आहे, पण त्याची भाषा सरकारी. बायबल दोन्हींकडे आहे आणि ध्वनिमुद्रणासह मिळतं. धर्म बाजूला ठेवा, कथांची वाक्यं लहान असतात आणि गोष्ट माहीत असली की अर्थ लागतो. २०१२ पासून काही वर्षं फिलिपिन्सच्या शाळांत पहिली ते तिसरी मातृभाषेतून शिकवत होते, त्यासाठी तयार झालेली लहान मुलांची गोष्टींची पुस्तकं हे माझ्या मते सर्वांत उपयोगी वाचन आहे. पुढे सेबूची बिसाया वर्तमानपत्रं, उदाहरणार्थ सुपरबालिता. बातम्या चुरचुरीत, वाक्यं आखूड.

शब्द पाठ करायला अँकी हे फ्लॅशकार्डांचं ॲप. तयार संच उतरवू नका, स्वतः ऐकलेली वाक्यं भरा.

पायरी ६ : तोंड उघडा

सकाळी मा-आयोङ बुन्ताग, दुपारी मा-आयोङ हापोन, रात्री मा-आयोङ गाबी-ई. आभाराला दाग-हाङ सालामात. इथवर सगळेच पोचतात. खरं बोलणं जेवणापासून सुरू होतं. कुणी जेवत असताना तुम्ही तिथे पोचलात तर "काओन ता!" ऐकू येईल, आपल्या "या जेवायला" सारखं. भूक नसली तर "सिगे लाङ, बुसोग पा को", असू दे, पोट भरलंय. या 'पा' ला (अजून) आणि त्याच्या जोडीच्या 'ना' ला (झालं, आता) लवकर पकडा. निकाओन ना का? जेवलास का? वाला पा, अजून नाही.

टागालोगमध्ये आदर दाखवायला 'पो' लावतात. सेबुआनोत तसा शब्द नाही आणि तू–तुम्ही असा भेदही नाही, का (तू) एकच. आदर हाकेतून दाखवायचा. वयाने मोठ्या पुरुषाला नोङ, बाईला नाङ. आपल्याहून लहान मुलाला दोङ, मुलीला दाय. अगदी वृद्धांना लोलो, लोला. नुसतं 'का' म्हणून वाक्य संपवलं तर उद्धट वाटतं, शेवटी 'नाङ' आलं की निवळतं.

जीपनीतून उतरायला "लुगार लाङ!" किंमत विचारायला "तागपिला नी?" उत्तर मात्र स्पॅनिश आकड्यांत येईल : सिङ्को, दियेस, बायेन्ते, सिङ्क्वेन्ता. देशी उसा, दुहा, तुलो, उपात वस्तू मोजायला. पैसे आणि घड्याळ स्पॅनिशमध्ये. दोन्ही याद्या पाठ करण्याला पर्याय नाही.

शब्द आठवला नाही की 'क्वान' म्हणा. "ते... हे..." सारखा हा शब्द नाम, क्रियापद, माणूस, सगळ्यांच्या जागी चालतो आणि स्थानिक लोकही तो सढळ हाताने वापरतात.

ऐकायला रेडिओ. सेबू आणि दावाओची बातम्यांची केंद्रं इंटरनेटवर लागतात. निवेदक धबधब्यासारखे बोलतात, म्हणून आधी वाहतूक आणि हवामान ऐका, तिथे शब्द तेच तेच येतात. गाण्यांत 'विसपॉप' शोधा, २०१३ मध्ये सेबूत सुरू झालेल्या गीतस्पर्धेतून हा प्रवाह वाढला आहे.

पायरी ७ : वॉर्डात जाण्याआधी

वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ही वाक्यं क्लिनिकल सुरू होण्याच्या आधीच तोंडात बसवावीत. आसा आङ साकित? कुठे दुखतंय? कानुस्-आ नागसुगोद? कधीपासून सुरू झालं? गिहिलान्तान का? ताप आहे का? गिउबो का? खोकला आहे का? शेवटच्या दोन्हींत पुन्हा तोच 'गि' : ताप माणसाला 'होतो', माणूस तो करत नाही. अवयव : उलो (डोकं), दुघान (छाती, उच्चार दुग्-हान), तियान (पोट), तुतुन्लान (घसा). सुका म्हणजे उलटी, कालिबाङा म्हणजे जुलाब, ताम्बाल म्हणजे औषध. पालिहुग (कृपया) सढळ वापरा.

आणि शेजारच्या भाषांपासून जपा. सेबुआनोत लिबोग म्हणजे गोंधळ, टागालोगमध्ये त्याचा अर्थ कामवासना. मनिलाहून आलेल्या वरिष्ठांसमोर "मी लिबोग आहे" म्हणू नका. सेबुआनोत दिरी म्हणजे इथे, वारायमध्ये दिरी म्हणजे नाही. हिलिगायनोनमध्ये औषधाला बुलोङ म्हणतात, टागालोगमध्ये बुलोङ म्हणजे कुजबुज. सर्वांत जोखमीचा शब्द कारोन : सेबुआनोत 'आत्ता', हिलिगायनोनमध्ये 'थोड्या वेळाने'. मिंडानाओच्या दक्षिण कोताबातो भागात इलोङ्गो वस्ती मोठी आहे आणि तिथले रुग्ण दावाओच्या रुग्णालयांत येतात. त्यांना गोळी कधी घ्यायची हे सांगताना कारोनवर विसंबू नका, अलास दोस, अलास ओचो अशी वेळच सांगा आणि पाकिटावर लिहून द्या.